आवारभिंतीलगतची काँक्रीटची वाट पुन्हा पुन्हा का खचते : लक्षणे, तपासण्या आणि दुरुस्ती

घराचे जोते आणि आवारभिंत यांच्यामध्ये जी तीन-चार फुटांची मोकळी जागा सुटते, तिच्यात घातलेली काँक्रीटची वाट नागपुरात दोन-तीन पावसाळ्यांतच बिघडू लागते, आणि लक्षणे बहुतेक घरी सारखीच असतात. पाऊस थांबून अर्धा तास उलटला तरी भिंतीच्या कडेला पाणी उभे असते आणि त्या पट्ट्यात शेवाळ धरते. वाट आणि भिंत यांच्यामध्ये मे महिन्यात बोट जाईल एवढी फट पडते आणि ऑगस्टमध्ये ती जवळजवळ मिटते. काही ठिकाणी वाटेचा मधला भाग वर येतो, काही ठिकाणी कडा खाली बसतात, आणि चालताना पायाखाली पोकळ आवाज येतो. आवारभिंतीच्या खालच्या दोन-तीन थरांवर पांढरा लोणा (क्षारांचा थर) फुटतो व प्लास्टर पापुद्र्यासारखे सुटते. भिंतीऐवजी तारेचे कुंपण असेल तर खांबाच्या कोपऱ्यापासून तिरकी भेग निघते, आणि लोखंडी अँगलचे खांब नेमके काँक्रीटच्या पातळीवर गंजून बारीक होतात.

यांपैकी कोणती लक्षणे एकत्र दिसतात ते आधी लिहून ठेवावे. फक्त पाणी साचत असेल आणि भेगा नसतील तर दोष उताराचा किंवा निकासाचा असतो. ऋतूप्रमाणे उघडणारी-मिटणारी फट काळ्या मातीकडे बोट दाखवते. पोकळ आवाज आणि खाली बसलेली कड म्हणजे भरणी दबली आहे. लोणा दिसला की पाणी भिंतीला लागून थांबते आहे, हे नक्की समजावे.

गेली अनेक वर्षे मी शहरातील आणि शहरालगतच्या ले-आउटमधील घरांची अशी दुरुस्तीची कामे करतो, आणि मला बोलावले जाते ते बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या फोडाफोडीनंतर. बेसा भागात एका निवृत्त शिक्षकांच्या घरी चार वर्षांत तीन वेळा वाट नव्याने घातली गेली होती. मी गेलो तेव्हा ते म्हणाले, "भाऊ, यावेळी सिमेंट जास्त टाका, पण पक्कं करून द्या." मे महिना होता. उखडलेल्या तुकड्याखाली मी हात घातला, तेव्हा खिडकीतल्या कूलरच्या खालची माती बोटांना लोण्यासारखी चिकटली. तिथून जेमतेम दहा फुटांवर मात्र तीच काळी माती इतकी फाटली होती की भेगेत माझी चारही बोटे सहज गेली. एकाच वाटेखाली एकीकडे फुगलेली आणि दुसरीकडे आकसलेली जमीन असेल, तर वर कितीही सिमेंट ओतले तरी ते तुटणारच. म्हणून सिमेंटच्या गोणीला हात लावण्याआधी पाणी कुठून येते, कुठे थांबते आणि कुठून बाहेर जाते, एवढे तीन प्रश्न सोडवावे लागतात. खालच्या तपासण्या त्याच क्रमाने दिल्या आहेत. पहिल्या तिन्हींना जवळजवळ काहीच खर्च येत नाही.

पहिली तपासणी : वाटेवर नेमके कोणाचे पाणी येते

जोराच्या पावसात छत्री घेऊन दहा मिनिटे वाटेवर उभे राहावे आणि नुसते पाहावे. वाटेवर थेट पडणारा पाऊस फार नसतो. वाट ४० फूट लांब आणि ३ फूट रुंद असेल, तर २५ मिलिमीटर पावसात तिच्यावर सुमारे २८० लिटर पाणी पडते. तेवढ्याच पावसात १००० चौरस फुटांच्या गच्चीवरून सुमारे २३०० लिटर पाणी उतरते, आणि पन्हाळीचे पाईप त्याच वाटेवर मोकळे सोडलेले असतील तर वाटेला तिच्या वाट्याच्या कितीतरी पट पाणी सोसावे लागते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला होता. तशा पावसात याच गच्चीवरून ९००० लिटरहून जास्त पाणी खाली येते. पाईपच्या तोंडाला कोपर लावून ते पाणी थेट नालीत किंवा आवाराबाहेर नेले, तर निम्मी समस्या तिथेच मिटते. पाईपच्या धारेखाली काँक्रीट झिजून गिट्टी उघडी पडली असेल तर शंकाच उरत नाही.

पावसाळ्याइतकेच उन्हाळ्यातील पाणीही पाहिले पाहिजे, कारण आपल्याकडे ते कूलरचे असते. मार्च ते जून खिडकीतल्या कूलरचे पाणी थेंबथेंब एकाच जागी गळत राहते, आणि टाकी धुतल्यावर तिचे खारवट पाणीही तिथेच ओतले जाते. चहूकडची जमीन तापून आकसत असताना तेवढाच एक तुकडा ओला राहून फुगतो. कूलरच्या स्टँडखाली वाटेला उंचवटा आला असेल आणि पांढरे डाग असतील, तर एक नळी लावून ते पाणी झाडांच्या आळ्यापासूनही दूर, नालीत सोडावे. टाकीची गळती, नळाची झिरप आणि कपडे धुण्याच्या दगडाचे पाणी याच वेळी तपासून घ्यावे.

दुसरी तपासणी : पाणी बाहेर जाते का

वाटेच्या शेवटच्या टोकाला, जिथे पाणी रस्त्याकडे जायला हवे, तिथे बसून बघावे. मेंदीची पाने, पॉलिथिन, कुंडीतली माती आणि रंगकाम करताना सांडलेला मसाला यांनी भोक बुजलेले असते. ते साफ करून एक बादली पाणी सोडावे. पाणी निघून गेले तर काम झाले, पण दर पंधरा दिवसांनी सफाई करण्याची सवय ठेवावी लागेल.

भोक मोकळे असूनही पाणी मागे येत असेल तर बाहेरच्या रस्त्याची पातळी मोजावी. गेल्या काही वर्षांत अनेक गल्ल्यांत सिमेंटचे रस्ते झाले आणि जुन्या घरांची आवारे रस्त्यापेक्षा खाली राहिली. अशा घरी वाट कितीही उत्तम घातली तरी पाणी चढावर जाणार नाही. तिथे आवारातच खड्डा करून पाणी गोळा करावे लागते आणि पंपाने उचलावे लागते, किंवा पावसाळी नालीला जोडण्यासाठी महापालिकेकडे रीतसर अर्ज करावा लागतो. आवारातील गडर लाइनच्या चेंबरमध्ये पावसाचे पाणी सोडण्याचा सोपा मार्ग बरेच जण सुचवतात. तो कृपया स्वीकारू नये. ती लाइन सांडपाण्यासाठी असते, मोठ्या पावसात ती भरून उलटी वाहते आणि तेच मैले पाणी तुमच्या किंवा शेजाऱ्यांच्या न्हाणीघरातून वर येते. भिंतीला भोक पाडून शेजाऱ्यांच्या आवारात पाणी काढणे तर मुळीच करू नये.

शोषखड्डा करायचा विचार असेल तर आधी एक फूट खोल खड्डा खणून तो पाण्याने भरावा, दुसऱ्या दिवशी पुन्हा भरावा आणि तासाभरात पातळी किती उतरते ते मोजावे. काळ्या मातीत बहुधा ती इंचभरही उतरत नाही. तसे झाले तर शोषखड्डा म्हणजे भिंतीच्या पायाशेजारी बांधलेली पाण्याची टाकीच ठरेल.

तिसरी तपासणी : उतार

डोळ्यांनी उतार कळत नाही, आणि ज्यांनी वाट घातली त्यांनीही तो बहुधा डोळ्यांनीच ठरवलेला असतो. हार्डवेअरच्या दुकानातून पारदर्शक लेव्हल पाईप आणावा, त्यात बुडबुडा न ठेवता पाणी भरावे आणि वाटेच्या दोन टोकांना भिंतीवर पेन्सिलीने खुणा कराव्यात. लांबीच्या दिशेने १०० ला १ असा उतार हवा, म्हणजे ४० फुटांत सुमारे ५ इंच. रुंदीच्या दिशेने ६० ला १ पुरतो. तीन फुटांत ते १५ मिलिमीटर होतात, म्हणजे अर्ध्या इंचापेक्षा किंचित जास्त. त्यानंतर वाटेवर पाणी ओतून, जिथे ते थांबते त्या डबक्याची कड खडूने आखावी. डबके हातभर रुंद आणि काही मिलिमीटर खोल असेल तर ते चालण्यासारखे आहे. ते भिंतीला किंवा जोत्याला लागून असेल तर मात्र लहान असले तरी सोडू नये.

इथे उताराच्या दिशेबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण सर्वांत जास्त वाटा याच एका निर्णयात चुकतात. घर वाचवायचे म्हणून मिस्त्री सगळा उतार आवारभिंतीकडे देतो आणि पाणी भिंतीच्या बुडाशी नेऊन सोडतो. आवारभिंतीचा पाया घरासारखा नसतो, मी उघडलेल्या अनेक भिंतींचा पाया दीड-दोन फुटांवरच संपत होता, आणि तो काळ्या मातीतच उभा होता. घराच्या बाजूने वाचवलेले पाणी अशा पायाखाली जिरले की भिंत आधी ओली होते, मग झुकते. योग्य रचना अशी : भिंतीपासून निदान सहा इंच सोडून सहा इंच रुंदीची उघडी नाली घ्यावी, वाटेचा उतार नालीकडे द्यावा आणि नाली व भिंत यांच्यातील सहा इंची पट्टीही काँक्रीटने झाकून तिचा उतार नालीकडेच द्यावा. पाणी दोन्हीकडून मध्यावर येते आणि भिंत कोरडी राहते. नाली उघडी ठेवण्याचा आग्रह मी धरतो, कारण झाकलेली नाली कोणी साफ करत नाही.

डबके भरण्यासाठी वरून अर्धा इंच मसाला थापणे हा उपाय टिकत नाही. जुन्या गुळगुळीत काँक्रीटला तो धरत नाही, नागपूरच्या उन्हात त्याची पापडी होते आणि पहिल्या पावसात ती सुटते. त्यापेक्षा तेवढाच तुकडा कापून नवा घालावा.

चौथी तपासणी : सांधे आणि भेगा

हातोडीच्या दांड्याने वाट एक-एक फुटावर ठोकत जावे. ठणठणीत आवाज म्हणजे खाली आधार आहे, पोकळ आवाज म्हणजे काँक्रीट अधांतरी आहे. पोकळ भागाभोवती खडूने रेघ मारावी. मोठ्या भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीने दोन बारीक रेघा ओढून त्यांतील अंतर तारखेसह भिंतीवर लिहावे आणि मे व ऑगस्ट अशा दोन वेळा मोजावे. भेग तेवढीच राहिली तर ती जुनी आहे, आकसण्यामुळे पडलेली आहे, आणि तिच्यात डांबरी सीलंट भरले की पुरे. कमीजास्त होत असेल तर खालची जमीन हलते आहे. दरवर्षी एकाच दिशेने वाढत असेल तर पाया किंवा भरणी बसते आहे, आणि ही गोष्ट गंभीर आहे.

वाट भिंतीला घट्ट चिकटवलेली असेल तर दोघींपैकी एक तुटते. मध्ये १२ मिलिमीटरचा मोकळा सांधा हवा, त्यात फिलर बोर्ड (दबणारी मऊ पट्टी) आणि वर सीलंट हवे. कुंपणाच्या खांबांभोवतीही हेच. वाऱ्याने आणि तारेच्या ताणाने खांब किंचित हलत असतो आणि काँक्रीट त्याला आवळून धरते, म्हणून भेग नेहमी खांबाच्या कोपऱ्यापासूनच सुरू होते. खांबाभोवती इंचभर जागा सोडून ती डांबरी मालाने भरावी आणि लोखंडी खांबाच्या बुडाशी पाणी थांबणार नाही अशी छोटी उतरती टोपी करावी. सिमेंटने भरलेली फट दुसऱ्या उन्हाळ्यात पुन्हा उघडते, त्यामुळे हलणाऱ्या सांध्यात सिमेंट भरू नये.

लांब वाटेला आडवे सांधेच नसतील तर ती आपल्या मनाने तुटते आणि मग भेगा वेड्यावाकड्या पडतात. तीन फूट रुंद वाटेला दर चार फुटांवर सांधा हवा, आणि त्याची खोली जाडीच्या निदान चौथा हिस्सा हवी.

पाचवी तपासणी : खाली काय आहे

इथून पुढे फोडाफोड आहे. सगळी वाट न उखडता सर्वांत खराब एकच तुकडा सब्बलीने उचलावा. शहराच्या पश्चिमेला दख्खनचा काळा पाषाण आहे आणि पूर्वेकडे जुन्या ग्नाइस खडकांचा पट्टा आहे, त्यामुळे एका भागात दोन फुटांवर मुरूम लागतो आणि दुसऱ्या भागात काळी माती संपतच नाही. ले-आउट पूर्वीच्या शेतावर पाडलेला असेल तर वरची भरणी मलब्याची असण्याचीही शक्यता असते. विटांचे तुकडे आणि पॉलिथिन दिसले तर ती भरणी दबत राहणार, आणि ती काढल्याशिवाय गत्यंतर नाही.

मातीची फुगण्याची वृत्ती घरीच तपासता येते. ढेकूळ वाळवून, कुटून, बारीक चाळणीने चाळावे आणि दोन सारख्या उभट पेल्यांत मोजून सारखी माती घ्यावी, एकात पाणी आणि दुसऱ्यात रॉकेल घालावे, काडीने ढवळून हवा काढावी आणि २४ तास ठेवावे. रॉकेलमध्ये चिकणमाती फुगत नाही. पाण्यातील थर रॉकेलमधल्या थराच्या दीडपट किंवा त्याहून उंच झाला, तर माती चांगलीच फुगणारी आहे असे धरावे. प्रयोगशाळेतील चाचणीचे हेच तत्त्व आहे.

काळ्या मातीवर रेतीचा किंवा जाड गिट्टीचा थर टाकून त्यावर वाट घालण्याची पद्धत सर्रास दिसते, आणि मला ती घातक वाटते. रेती पाणी साठवते आणि खालच्या मातीला महिनाभर पाजत राहते. त्याऐवजी थोडी चिकटण असलेला, पण न फुगणारा चांगला मुरूम दाबून भरावा. मुंबईच्या आयआयटीतील प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी फुगणाऱ्या मातीवर अशा चिकट पण न फुगणाऱ्या मातीचा थर देण्याची पद्धत मांडली आणि ती कालव्यांच्या कामांत वापरली गेली. कालव्यासाठी लागणारी जाडी आपल्या वाटेखाली देणे शक्य नसते, म्हणून सहा ते नऊ इंच मुरुमाने हालचाल पूर्ण थांबत नाही. ती कमी होते आणि सगळीकडे सारखी होते, आणि वाटेला तेवढे पुरते.

नव्याने घालायची झाल्यास

वेळ निवडणे हे निम्मे काम आहे. मे महिन्यात आकसलेल्या जमिनीवर घातलेली वाट जुलैत वर उचलली जाते, सप्टेंबरमध्ये फुगलेल्या जमिनीवर घातलेली वाट मेमध्ये अधांतरी राहते. जमीन मधल्या स्थितीत असते ती साधारण नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत, आणि तेव्हा ऊनही सौम्य असते.

भिंतीलगतची माती एकदम सलग खणू नये. चार-चार फुटांचे टप्पे एकाआड एक खणावे, आणि भिंतीच्या पायाच्या तळाखाली कधीही जाऊ नये. नऊ इंच काळी माती काढून मुरूम दोन थरांत टाकावा, प्रत्येक थर किंचित ओला करून धुम्मसने ठोकावा. टाच मारली तर ठसा उमटू नये, इतका तो बसला पाहिजे. उतार मुरुमातच द्यावा, काँक्रीटची जाडी कमीजास्त करून देऊ नये. त्यावर जाड पॉलिथिन अंथरून चार इंच काँक्रीट घालावे. सिमेंटच्या एका गोणीला दीड गोणी मापाची रेती आणि तीन गोणी मापाची गिट्टी हे प्रमाण चांगले. पाणी एका गोणीला २५ लिटरच्या आसपासच ठेवावे. घमेले सहज ओतता यावे म्हणून मजूर पाणी वाढवतात, आणि काँक्रीट तिथेच कमजोर होते. वरून कोरडे सिमेंट भुरभुरून घोटाई करू नये, झाडूने आडव्या रेघा ओढाव्यात. शेवाळ आले तरी पाय घसरणार नाही.

पाणी मारण्यात कसूर करू नये. राखमिश्रित सिमेंट असेल तर निदान १० दिवस, आणि ऊन कडक असेल तर १४ दिवस ओली पोती अंथरून ठेवावी. सकाळ-संध्याकाळ पाईपने शिंपडून दुपारी कोरडे पडू देणे म्हणजे पाणी मारणे नव्हे.

कुठे थांबावे

सहा फूट उंचीच्या भिंतीला ओळंबा लावल्यावर ती एक इंचाहून जास्त झुकलेली आढळली, तर वाटेचे काम तिथेच थांबवून स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवावे. भिंतीत पायऱ्यांसारखी चढत गेलेली पाच मिलिमीटरहून रुंद भेग असेल, शेजाऱ्यांच्या बाजूची जमीन तुमच्यापेक्षा दोन फुटांहून उंच असून भिंत मातीचा दाब सोसत असेल, किंवा घराच्या जोत्यावर, दाराच्या चौकटीच्या कोपऱ्यात नव्या भेगा दिसत असतील, तरीही तसेच करावे. अशा भिंतीशेजारी एक फूट खणणेही धोक्याचे असते, आणि पावसाळ्यात तर खणूच नये. तिथे मुले खेळत असतील तर त्यांना आधी दूर करावे.

खणताना वायर किंवा तिच्यावरच्या विटा दिसल्या, तर सब्बल खाली ठेवून मेन स्विच बंद करावा आणि वायरमनला बोलवावे. माती काळपट ओली असून तिला सांडपाण्याचा वास येत असेल तर लाइन फुटलेली आहे, ती परवानाधारक प्लंबरने दुरुस्त करून चाचणी घेतल्याशिवाय वर मुरूमसुद्धा टाकू नये. मोठे झाड भिंतीला लागून असेल तर त्याची जाड मुळे स्वतः तोडू नयेत, झाड कलंडण्याची भीती असते आणि झाड तोडण्यासाठी महापालिकेची परवानगी लागते.

इंजिनिअर येण्याआधी भिंतीवरच्या पेन्सिलीच्या नोंदी, लेव्हल पाईपची मापे, खडूने आखलेल्या डबक्यांची छायाचित्रे आणि उचललेल्या तुकड्याखालची मूठभर माती पिशवीत ठेवावी. बेसाच्या त्या शिक्षकांनी दोन ऋतूंच्या नोंदी एका जुन्या वहीत तारखेनिशी लिहून ठेवल्या होत्या. त्या वहीमुळेच कूलरपाशी वाट वर येते आणि मागच्या कोपऱ्यात खाली जाते हे पहिल्याच भेटीत कळले, आणि ४० फुटांपैकी केवळ १२ फूट वाट फोडावी लागली.